वास येईपर्यंत

कुओपियो, सोमवार, १९ मे २०२५

रायसा,

जे घडलं ते आधी क्रमाने देते.

१. एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळलं, तळं चढलं आणि बेटावरच्या आपल्या विहिरीत कठड्यावरून तळ्याचं पाणी गेलं.
२. बाबांनी दुकानातून क्लोरीनचा डबा आणला. डब्यावर लिहिलं होतं : पाण्याला वास येईपर्यंत टाका.
३. वास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. बाबांनी पुन्हा टाकलं.
४. आठवडाभर हेच चाललं. पाच लिटरचे दोन डबे संपले.
५. मागच्या शनिवारी मी बेटावर गेले. कॉफीचा पहिला घोट घेतल्यावर मला हे कळलं.
६. मी विहिरीतून नमुने घेतले आणि आमच्या प्रयोगशाळेत तपासले.
७. क्लोरोफॉर्म सापडलं, पण मर्यादेच्या आत. ज्यांची मला जास्त धास्ती होती ती संयुगं सापडली नाहीत.

आता बाकीचं.

फोन तू उचलत नाहीस. संदेश वाचतेस, उत्तर देत नाहीस. म्हणून कागद. तो वाचलास की नाही हे मला कळणार नाही, आणि ते आपल्या दोघींच्याही सोयीचं आहे.

क्रमांक ३ बद्दल. आपलं पाणी दलदलीतून झिरपत येतं. त्यात कुजलेल्या पानांचा, शेवाळाचा अर्क असतो, म्हणून ते चहासारखं दिसतं. क्लोरीन आधी त्या अर्कावर तुटून पडतं. जंतू मारायला उरतं ते त्यानंतर. वास गेला म्हणजे क्लोरीन संपलं, आणि संपलं म्हणजे त्याचं दुसरं काहीतरी झालं. त्या दुसऱ्या गोष्टींना आम्ही निर्जंतुकीकरणाची उप-उत्पादनं म्हणतो. मी बाबांना हे सगळं नीट समजावलं. तेव्हापासून ते त्यांना ‘क्लोरीनची पिल्लं’ म्हणतात.

पण ते नंतर. आधी कॉफी.

“कशी झालीय?” मी विचारलं.

“गरम.”

“बाबा, हिला तरणतलावाचा वास येतोय.”

“मग पोहून घे.”

“विहिरीत काय टाकलंत?”

“जे टाकतात ते.”

“का? या विहिरीला काही होत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

“कोण म्हणालं?”

“तुम्ही. मागच्या जूनमध्ये. रायसाला.”

त्यांनी उरलेली कॉफी एका दमात संपवली. “सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्याची,” अशी आपल्या प्रांताची म्हण टाकली आणि लाकडं फोडायला गेले. लाकडं आधीच पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरतील एवढी फोडलेली होती.

मागच्या युहान्नुसच्या सणाला, भर उन्हाळ्यात, काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझी आठवण आणि तुझी आठवण एकच आहे की नाही ते मला बघायचं आहे. तुझा नीलो सहा महिन्यांचा होता. बेटावर आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला जुलाब लागले. तू म्हणालीस, विहिरीचं पाणी. बाबा म्हणाले, “तुम्ही दोघी याच पाण्यावर वाढलात, तेव्हा बरं काही झालं नाही.” तू म्हणालीस, “आणि आई? तीही याच पाण्यावर गेली ना?” आणि लगेच पिशव्या भरल्यास. तुझ्या नवऱ्याने, येस्परने, त्या सगळ्या एकट्याने होडीत नेल्या आणि प्रत्येक खेपेला बाबांना स्वीडिशमध्ये ‘धन्यवाद’ म्हणाला. काठावरची होळी पेटवायची राहिलीच. ती लाकडं अजून तशीच रचलेली आहेत.

मी कोणाची बाजू घेत नाही. एवढंच नोंदवते : शेजारच्या वेइक्कोकाकांची कॉफी ‘धुण्याचं पाणी’ म्हणून तोंडावर परत करणारा माणूस तीन आठवडे क्लोरीनची कॉफी पितोय आणि तक्रार करत नाही. नीलोचं नाव त्यांनी काढलं नाही. फक्त मी निघताना होडीचा दोर सोडत विचारलं, “दीड वर्षाचं पोर दिवसाला किती पाणी पितं गं?”

क्रमांक ७ बघता मला वाटतं, तुम्ही तिघांनी या वर्षी युहान्नुसला यायला हरकत नाही.

सिल्या


कुओपियो, मंगळवार, २७ मे

रायसा,

मागच्या पत्रातला क्रमांक ७ बाद समज. तो चुकीचा आहे. चूक माझी आहे.

नमुना बाटलीत भरला तरी उरलेलं क्लोरीन आत काम करतच राहतं. ते तिथेच थांबवावं लागतं, म्हणून आमच्या काही बाटल्यांत आधीच सल्फाइटचे दाणे टाकलेले असतात. बेटावर जाताना मी फडताळातून त्याच बाटल्या उचलल्या. सल्फाइट क्लोरीनला लगेच मारतं. पण त्याच झपाट्यात ते मला शोधायची असलेली काही संयुगंही मोडून टाकतं. ती पाण्यात होती. बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत राहिली नाहीत. मी यंत्रासमोर बसून कोरा आलेख बघितला आणि खाली ‘आढळलं नाही’ असं लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं. पण त्याचा अर्थ ‘नव्हतं’ असा होत नाही. तुला मात्र मी तसाच कळवला.

पिर्क्कोने (माझी वरिष्ठ, एकतीस वर्षं याच कामात) नोंद बघितली आणि म्हणाली, “सिल्या, साक्षीदाराला गाडीतच गोळी घातलीस आणि कोर्टात विचारतेस, का बोलत नाही?”

मी रविवारी पुन्हा गेले. या वेळी बरोबर बाटल्या नेल्या : क्लोरीन थांबवतील पण बाकी कशाला हात लावणार नाहीत अशा. निकाल आज आले. जी संयुगं नव्हती ती आहेत. आणि क्लोरोफॉर्म वाढलंय. मर्यादेच्या वर गेलंय.

बाबांनी मधल्या दिवसांत विहिरीत काहीही टाकलेलं नाही. मी डबे मोजले, आणि खोटं बोलताना बाबा कान खाजवतात, ते त्यांनी खाजवले नाहीत. थोडं उरलेलं क्लोरीन अजून काम करतंय, हे एक कारण. दुसरं असं की पिल्लांपैकी एक जात पाण्यात स्वस्थ राहत नाही. ती हळूहळू मोडते, आणि मोडून तिचं क्लोरोफॉर्म होतं. म्हणजे बाहेरून कोणी भर घातली नाही तरी ते आतल्या आत वाढतं.

नमुने घेताना बाबा विहिरीच्या कठड्यावर बसले होते.

“वाट बघितली तर जातील का ही?”

“काही जातील. काहींचं रूप बदलेल. आणि क्लोरोफॉर्म स्वतःहून मोडायला थंड पाण्यात हजारो वर्षं लागतात.”

“हजारो?”

“हो.”

“तेही आपल्यासारखं सावोचंच दिसतंय,” ते म्हणाले.

मी हसले नाही, कारण नमुना हातात होता. घरी येऊन हसले.

मागच्या आठवड्यातच त्यांना फोनवर सांगितलं होतं : हे पाणी प्यायचं नाही, आणि सौनाच्या तापलेल्या दगडांवर अजिबात ओतायचं नाही. गरम होताच क्लोरोफॉर्म पाणी सोडतं आणि बंद खोलीतल्या हवेत येतं. “मग वाफ कशाची काढू, दुधाची?” मी म्हटलं, तळ्याचं पाणी घ्या. “तळ्याच्या पाण्याने दगड काळे पडतात.” मी म्हटलं, पडू देत. शनिवारी त्यांनी सौना तापवलीच नाही. मला आठवतं तेव्हापासून, आई गेली तो शनिवार सोडला, तर हे पहिल्यांदाच.

तू येण्याबद्दल मी मागे जे लिहिलं ते तूर्तास मागे घेते. मला तसं लिहायला आवडत नाहीये.

सिल्या


कुओपियो, मंगळवार, ३ जून

रायसा,

तुझं कार्ड काल आलं. मासळी बाजाराचं चित्र, मागे एक ओळ : ‘पाणी ठीक आहे की नाही? हो किंवा नाही.’

नाही. आजच्या तारखेला नाही.

कार्ड फ्रिजवर लावलंय, मजकुराची बाजू वर करून. मासळी मला बघायची नव्हती.

एका शब्दाने तुझं समाधान होणार नाही, हे मला माहीत आहे. लहानपणी मी ‘बर्फ पक्कं आहे’ म्हटलं की तू तरीही काठी आपटून बघायचीस. म्हणून सविस्तर.

मी नमुन्याच्या दोन बाटल्या विहिरीच्या तापमानाला फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दोन खिडकीत, उबेला. रोज थोडं थोडं काढून बघतेय. सर्वांत विषारी गट नायट्रोजन असलेल्यांचा. तो पाण्याच्या स्पर्शानेच मोडतो. आधी त्याचं एक मधलं संयुग होतं, मग आम्ल. उबेला लवकर, थंडीत सावकाश. पाणी अल्कलीकडे झुकणारं असेल तर आणखी लवकर. हे बघायला मला आवडतं. आलेखावरचं एक शिखर रोज बुटकं होत जातं आणि शेजारचं उंच. काहीच नाहीसं होत नाही. ते पुढे सरकतं. शेवटी उरतात ती आम्लं आणि क्लोरोफॉर्म. आम्लं थंड पाण्यात टिकून राहतात. त्यातल्या एकाला बराच वेळ उकळलं तर तेही क्लोरोफॉर्म होतं. आणि क्लोरोफॉर्म मोडत नाही. पण ते उडतं. खोल, अंधाऱ्या, झाकण घातलेल्या विहिरीत ते वर्षानुवर्षं पडून राहील. उघड्यावर आणून पाणी खळबळवलं तर काही वेळात निघून जाईल.

यातून काही अर्थ काढू नकोस. मी पाण्याबद्दलच लिहितेय.

गुरुवारी सुट्टी होती, तेव्हा बेटावर जाऊन बाबांना हेच सांगितलं. सोबत शहराच्या नळाचं पाणी डब्यांतून नेलं. त्यांनी त्याची कॉफी केली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

“कशी आहे?” मी विचारलं.

“गरम,” म्हणाले. पण दुसरा कप घेतला, आणि तिसरा.

मग म्हणाले, “म्हणजे मी औषध म्हणून विष कालवलं.”

“जास्त कालवलंत. थोडं चाललं असतं. खरं तर आधी विहीर उपसायची, मग बेताचं क्लोरीन, मग पुन्हा उपसायची. मला विचारलं असतंत तर—”

“तुला विचारलं असतं तर तू विचारलं असतंस, कशासाठी.”

“आणि?”

“आणि मग सांगावं लागलं असतं.”

आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो होतो. वेइक्कोकाका जाळी बघायला गेले, त्यांनी हात केला, आम्ही हात केला.

“तिने आईचं नाव काढलं,” बाबा म्हणाले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, “हो.”

“ते खरं आहे का? तुला माहीत असेल. तुझं शिक्षण त्यातलंच.”

रायसा, मी त्यांना जे सांगितलं तेच तुला सांगते. आईच्या हयातीत त्या विहिरीत क्लोरीनचा एक थेंब गेला नव्हता. ही पिल्लं तिथे असणं शक्यच नव्हतं. आईचा आजार कशाने झाला हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही आणि मलाही सांगता येणार नाही. विहिरीने झाला असं म्हणायला कोणताही आधार नाही. तू तेव्हा दोन रात्री जागी होतीस, मांडीवर आजारी मूल होतं. मी ते वाक्य तुझ्याविरुद्ध धरत नाही. पण बाबा वर्षभर ते पाण्यासारखं पीत होते, तक्रार न करता, हे तुला माहीत असावं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग उठले आणि पंपाचं झाकण उघडलं.

सिल्या


कुओपियो, बुधवार, ११ जून

रायसा,

हे जलद टपालाने पाठवतेय.

विहीर उपसून झाली. पंप लावायचा, तळ दिसेपर्यंत ओढायचं, झऱ्याने रात्रभर भरू द्यायचं, पुन्हा ओढायचं. पाणी तळ्यात सोडायचं नाही असं मी बजावलं होतं. मागच्या खडीवर पसरायचं, जमिनीत मुरू द्यायचं. शनिवारी मी होडीतून उतरले तर बाबा खडीवर उभे, हातात बागेची नळी, तोंड दाबून धरलेलं, आणि पाण्याचा फवारा उंच उन्हात उडतोय. मी म्हटलं होतं ना, उघड्यावर उडून जातं. ते त्यांनी मनावर घेतलं होतं. नळी धरून धरून हाताला फोड आले होते.

वेइक्कोकाकांनी इंजिन बंद करून होडीतूनच हाक मारली, “ताइस्तो! आग लागलीय का काय?”

“नाही! पिल्लं उडवतोय!”

“कसली?”

“तुला नाही कळायचं, शिक्षण लागतं त्याला!”

वेइक्कोकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. ते इंजिन चालू करून गेले, आणि आता अख्ख्या गावात बातमी आहे की ताइस्तोने बदकं पाळली आहेत.

मी म्हटलं, “बाबा, इतकं करायची गरज नाही. खडीवर पसरलं तरी उडणारच होतं.”

“असू दे,” म्हणाले. “वास येईपर्यंत टाकलं होतं. आता जाईपर्यंत उडवतो.”

निकाल, या वेळी बरोबर बाटल्यांतून, दोनदा तपासून, पिर्क्कोच्या सहीसह : क्लोरोफॉर्म जेमतेम मोजता येईल एवढं. नायट्रोजनवाली नाहीत, आणि या वेळी ‘नाहीत’ म्हणजे नाहीत. आम्लं मर्यादेच्या बरीच खाली. जंतू नाहीत. कठडा बाबांनी दोन हात उंच केलाय, पुढच्या वर्षी तळं चढलं तरी आत येऊ नये म्हणून. तुझ्या कार्डाला उत्तर : हो.

तरीही मी नीलोसाठी शहराच्या नळाचं पाणी डब्यांतून आणेन. ते वापरायचं की विहिरीचं, हे तू ठरव. कोणी काही बोलणार नाही. बाबांना मी विचारलंय, ते म्हणाले, “तिच्या पोराला ती समुद्र पाजू दे.”

आता एक गोष्ट राहिली, आणि ती मला जशीच्या तशी लिहायची आहे.

रविवारी निघताना मी म्हटलं, “रायसाला निकाल कळवते. आणखी काही लिहू?”

बाबा होडीतलं पाणी डब्याने काढत होते. म्हणाले, “लिही, मागच्या वर्षी पाणी खराब होतं.”

“बाबा, ते सिद्ध होत नाही. मागच्या वर्षीचा नमुनाच नाही. नीलोला प्रवासात काही बाधलं असेल, पाळणाघरातून काही आलं असेल. आता कोणालाच सांगता येणार नाही.”

“तुला सांगता येणार नाही.”

“कोणालाच नाही.”

“सिल्या,” ते म्हणाले, “मी तुझ्या प्रयोगशाळेला विचारत नाहीये. विहीर माझी आहे. लिही, पाणी खराब होतं, आणि ताइस्तोला ते तेव्हाच म्हणता आलं नाही.”

“सावोचा माणूस बोलला की—”

“ही जबाबदारी माझी,” म्हणाले. “तेही लिही.”

म्हणून लिहिलं. शास्त्राच्या दृष्टीने ते वाक्य मी प्रमाणित करत नाही. आणि त्यातला एकही शब्द बदलत नाही.

आणखी दोन नोंदी. सौनाच्या वाफेत अंगावर मारायला त्यांनी बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधून शीतपेटीत ठेवल्या आहेत. चार नेहमीच्या. पाचवी माझ्या तळहातापेक्षा लहान आहे, सर्वांत कोवळ्या पानांची, देठ सुरीने तासून मऊ केलेले. ती कोणासाठी हे मी विचारलं नाही. आणि काठावरची मागच्या वर्षीची होळी त्यांनी उलगडून ओली लाकडं काढली, कोरडी घातली आणि पुन्हा रचली.

युहान्नुसची संध्याकाळ शुक्रवारी, २० तारखेला आहे. गावच्या धक्क्यावर बाबा होडी घेऊन येतील. नीलोच्या मापाचं तरंगतं जाकीट आपल्याकडे नाही. ते मला इथून आणावं लागेल, आणि त्यासाठी त्याचं वजन हवं.

तुम्ही येता आहात की नाही, आणि येत असाल तर नीलोचं वजन किती, हे मला मंगळवार, १७ जूनपर्यंत कळव.

सिल्या